मदत हवी आहे: कुणी 'ये' म्हटल्याशिवाय उंबऱ्याच्या आत पाय पडत नाही

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितोय, हसू नका. वय १६, शहापूर, बेळगाव, यंदा एसएसएलसी (दहावी). मे महिन्यात चुलतभावांबरोबर खानापूरकडं जंगलाकडेच्या एका गावात राहिलो होतो, रात्री मानेला काहीतरी चावलं. वटवाघूळ असणार म्हणून सायन्सच्या सरांना सहज विचारलं तर ते म्हणाले रक्त पिणाऱ्या वटवाघळांच्या जगात तीनच जाती आणि तिन्ही तिकडं मध्य-दक्षिण अमेरिकेत, आपल्या भीमगडच्या बारापेडे गुहेतली ती दुर्मिळ वटवाघळं नुसते किडे खातात. मग मला कोण चावलं ते तुम्हीच समजा.

रक्ताचं टेन्शन नाही, रविवारी आमच्यात रक्ती असतेच, मी जरा कच्चीच उचलतो. लसणाची चटणी सोडली, आईला वाटतंय पोट बिघडलंय. ऊन म्हणाल तर पावसाळ्यात बेळगावात सूर्य दिसतोय कुठं. आरशात दिसत नाही म्हणून भांग अंदाजानं पाडतो आणि वर्गात पोरं हसतात, खरं ती आधीपण हसायची.

अडलंय वेगळंच. क्लासातल्या एका मैत्रिणीकडं, अनगोळात, आम्ही चौघं कन्नडाचा अभ्यास करायला जातो (मी मराठी मीडियम, कन्नड कच्चं). बाकीचे तिघं चपला काढून थेट आत. माझा पाय रांगोळीच्या दोन बोटं वर अडकतो, काच लावल्यागत. मग चप्पल काढतो, परत घालतो, परत काढतो. तिची आई कायम फोनवर, हातानंच खूण करते. खूण चालत नाही, बघितलंय. शेवटी 'वही द्यायला आलतो' म्हणून माघारी. तिसरा आठवडा चाललाय. आधीपण मी बोलावल्याशिवाय कुणाकडं जात नव्हतो, त्यामुळं घरात कुणाला फरकच कळला नाही.

तर, मला बोलवा म्हणून तोंड उघडून कसं सांगायचं? आणि त्यांनी कन्नडात 'ओळग बा' म्हटलं तर ते धरतात काय?

खडेबाजारकर: रेबीजचं इंजेक्शन घेतलास काय ते आधी सांग.

लाजाळू_१६: सगळी घेतली काका, दुसऱ्याच दिवशी सुरू केली.

जुना_वाचक: उन्हाला उगाच भितोस. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या कादंबरीत ड्रॅक्युला दिवसा फिरतो की, फक्त ताकद कमी असते. उन्हानं मरायचं ते १९२२ च्या जर्मन मूकपटातनं आलं. बोलावण्याचा नियम मात्र कादंबरीत आहे, खरं त्यात सोयपण आहे, पहिल्यांदा एकदा कुणीतरी बोलावलं की झालं, मग कधीही जा.

निपाणीची_वैनी: भाषेचं काय डोक्यात घेतोस बाळ, 'बा' म्हणजे 'ये'च की. नव्वदच्या दशकात बेंगळुरूकडं लोक भुताच्या भीतीनं दारावर 'नाळे बा' लिहायचे, म्हणजे उद्या ये, आणि भूत ते वाचून परत जायचं म्हणे. म्हणजे भुतांना कन्नड येतंय, तुला मार्क कमी पडतात ते सोड. आणि मागायचं कशाला? निघताना आपण काय म्हणतो? वही दे, चप्पल पायात ठेव, आणि 'येतो काकू' म्हण. समोरचं माणूस 'ये' म्हणतंयच. कन्नडातपण 'होगि बा', म्हणजे जाऊन ये, म्हणतात, नुसतं 'जा' कोण म्हणत नाही.

लाजाळू_१६: वैनी, काल केलं. 'येतो काकू' म्हटलं, त्यांनी फोन कानाचा न काढता 'हं, बा बा' म्हटलं, आणि पाय आत!! जातो म्हणून आत शिरलेला बघून त्या बघतच राहिल्या, मला काय सुचेना, पाणी मागितलं. त्यांनी पाण्याबरोबर बशीभर भडंग दिलं, त्यात लसूणच लसूण. आता मैत्रिणीच्या समोर भडंगातला लसूण कुणाला न दिसता बाजूला कसा काढायचा, कुणाला माहीत असलं तर लवकर सांगा, उद्या परत जायचंय.