फॉन्टस्ट्रक्टमध्ये वाचनीय सेरिफ: जाडी आणि गोलाई कशी जमवायची?

जुळारी_०७:
फॉन्टस्ट्रक्टवर (चौकटीत विटा मांडून फॉन्ट बनवायचं ऑनलाइन साधन) रोमन लिपीचा मजकुरासाठीचा सेरिफ फॉन्ट, म्हणजे दांड्यांच्या टोकांना छोट्या आडव्या रेघा असलेला, जुळवतोय. उभा दांडा 2 विटा, आडवी रेघ 1 वीट, एक्स-हाइट (लहान ‘एक्स’ची उंची) 8. मोठ्या आकारात देखणा दिसतो, पण 11 पॉइंटला ओळ ठिपक्याठिपक्यांची काळी दिसते. ‘ओ’ चौकोनी डब्यासारखा, ‘एस’ तर बघवत नाही. चुकतंय कुठे?

काळीशाई:
एक्स-हाइट दांड्याच्या चौपट असेल तर अक्षर ठळकच दिसणार. मजकुराच्या फॉन्टात हे प्रमाण साधारण साडेपाच पट असतं. पण पूर्ण विटांत 1 आणि 2 यांच्या मधली जाडी मिळत नाही, तुमची खरी अडचण ही आहे.

एक्स्पर्ट मोडमध्ये फिल्टर उघडा आणि विटेचा आकार आडवा-उभा 2 करा. आता प्रत्येक वीट आडवी-उभी चौकटीतली 2 घरं व्यापते, पण सरकते 1 घराने. शेजारच्या घरांत दोन विटा ठेवल्या की एकमेकींवर चढून 3 घरांचा दांडा होतो, एकटी वीट म्हणजे 2 घरांची बारीक रेघ. मग असं धरा: दांडा 3, आडवी रेघ आणि सेरिफची जाडी 2, एक्स-हाइट 16, कॅपिटल 23, ‘बी’, ‘डी’सारख्यांचे वर जाणारे दांडे तळरेषेपासून 24, ‘पी’सारख्यांचे तळरेषेखाली 8. या एकूण 32 घरांना 16 पिक्सेल धरले तर बारीक रेघ नेमकी 1 पिक्सेलची. 12 पिक्सेलला ती पाऊण होते आणि राखाडी पडते, तेव्हा त्याखाली अपेक्षा नको.

हे आधीच करा. अर्धी अक्षरं झाल्यावर फिल्टर बदलला तर सगळं पुन्हा जुळवावं लागतं.

वाटोळी_वीट:
‘ओ’ डबा होतो कारण कोपऱ्यात एकच पाव-वर्तुळाची वीट आहे. उभ्या कडेवरून आधी 2 वर 1 आत अशी चढी वीट, मग 45 अंशांची, मग 1 वर 2 आत. आतली पोकळी वेगळी कापा. बाहेरचीच गोलाई आत उतरवली तर कोपऱ्यात गाठ येते.

गोल अक्षरं वरच्या-खालच्या रेषेच्या थोडी बाहेर काढतात, तो नियम इथे लावू नका. 16 पैकी 1 घर म्हणजे 6 टक्के, आणि लागतात 1-2 टक्के. त्याऐवजी ‘ओ’च्या माथ्यावर आणि बुडाशी 4 घरं सपाट ठेवा. गोलाई रेषेला एका बिंदूतच टेकते म्हणून ती बुटकी भासते. सपाट भाग ठेवला की तो भास बराच कमी होतो.

‘एस’चा वरचा भाग 7 घरांचा, खालचा 9. मधला तिरका कणा सर्वांत जाड. समान अर्धे केले तर तो डोक्यावर उभा केल्यासारखा दिसतो. ‘ई’ची आडवी रेघही मध्याच्या थोडी वर घ्या.

काळीशाई:
@वाटोळी_वीट, बरोबर. त्यात एक भर: ‘एन’ची कमान दांड्याला भिडते तिथे ती 2 घरांचीच राहू द्या. काळे ठिपके बहुतेक तिथलेच असतात.

जुळारी_०७:
आणि अंतर? सेरिफ दोन्हीकडे 2 घरं आहेत.

काळीशाई:
‘एन’ची आतली पोकळी 8 घरं असेल तर दोन ‘एन’ शेजारी आल्यावर दांडा ते दांडा 7 ठेवा: 2 सेरिफ, 3 मोकळी, 2 सेरिफ. म्हणजे डावीकडे 1, उजवीकडे 2 मोकळी. आतले सेरिफ 2-2 ठेवले तर पायाशी 4 घरं उरतात, चालतं. 3-3 केले की खालून ‘एन’ मिटल्यासारखा दिसतो. ‘ओ’च्या बाजूची मोकळी जागा दांड्याच्या बाजूपेक्षा 2 घरं कमी. ‘एफ’चा वरचा बाक स्वतःच्या रुंदीबाहेर जाऊ देऊ नका, पुढच्या ‘आय’च्या टिंबावर आदळतो.

तपासायला ‘आर’ आणि ‘एन’ जोडून छापा. 10 पॉइंटला ‘एम’ वाचला गेला तर ‘आर’च्या उजवीकडे 1 घर वाढवा. कॅपिटल ‘आय’, लहान ‘एल’ आणि 1 यांनाही एका ओळीत बसवून पाहा.

वाटोळी_वीट:
चौकटीत सेरिफ बसत नाही असं म्हणणाऱ्यांसाठी: सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सच्या राजासाठी आखलेला ‘रोमँ द्यु रुआ’ हा टाइप 48 गुणिले 48, म्हणजे 2304 चौकोनांवर मांडला होता. पण फिलिप ग्रांजाँने पोलादी ठसे कोरताना चौकटीपेक्षा डोळ्यावर जास्त भिस्त ठेवली. तुमच्याकडे 32च घरं आहेत, तेव्हा छापून बघा आणि एकेक घर सरकवा.