शब्दचर्चा : शुगर ‘निघाली’, ‘लागली’ की ‘बळावली’?

अर्जनवीस, मेहकर
माजी सैनिकांची अपंगत्व पेन्शनची अपिलं टाइप करताना नेहमी अडतं. मेडिकल बोर्डाच्या कागदावर दोन इंग्रजी शब्द असतात, ‘अ‍ॅट्रिब्युटेबल’ आणि ‘अ‍ॅग्रव्हेटेड’. दोन्हीपुढे ‘नाही’ आलं की शेरा पडतो ‘नाना’, म्हणजे ‘नायदर अ‍ॅट्रिब्युटेबल नॉर अ‍ॅग्रव्हेटेड’. समोरचा फौजी विचारतो, “नोकरीतच शुगर निंघाली ना भाऊ, मंग पेन्शन काऊन नाही?” या दोन शब्दांना मराठी काय घ्यावं? ‘सेवेशी संबंधित’ चालेल का?

वाशीमकर
‘संबंधित’ नको भाऊ. त्या गुळमुळीत शब्दात दोन वेगळे दावे एकमेकांत मिसळतात. पहिल्याला ‘सेवेमुळे उद्भवलेला’ आणि दुसऱ्याला ‘सेवेमुळे बळावलेला’ म्हणा. ‘वाढलेला’ही टाळा. शुगर वयानं वाढते, गोळ्या चुकवल्या तरी वाढते. ‘बळावणे’ म्हटलं की त्याला बळ कशानं मिळालं हा प्रश्न आपोआप येतो, आणि तेच तर सांगायचं असतं. ‘चिघळणे’ जखमेला ठेवा, किंवा भाऊबंदकीला.

मधे ‘व’ किंवा ‘आणि’ मात्र लिहू नका. नियमात ‘किंवा’ आहे, दोन्हीपैकी एक सिद्ध झालं तरी पुरतं. ‘उद्भवला व बळावला’ असं लिहून आपणच आपल्यावर दुप्पट ओझं घेतो. टाइप २ मधुमेहात बहुतेकदा भिस्त ‘बळावण्या’वरच असते. सैन्याच्या डॉक्टरांसाठीच्या जुन्या मार्गदर्शिकेत (२००२ ची, २००८ मध्ये सुधारलेली) मधुमेहाचा वेगळा परिच्छेद आहे. फील्ड (म्हणजे सीमेवरचा किंवा मोहिमेचा भाग), बंडखोरीविरोधी मोहीम, अतिउंच प्रदेश किंवा जहाजावरचं दीर्घ वास्तव्य, अशा ठिकाणी सेवेत असताना टाइप २ ची सुरुवात झाली, तर तो बळावलेला मानायचा, असं त्यात म्हटलंय.

लॅबवाला, आर्णी
त्यातला ‘सुरुवात’ हा शब्दच खरा घोटाळा करतो. आपल्याकडे ‘शुगर निघाली’ म्हणतात ते रिपोर्टमधे सापडली या अर्थानं. ते निदान झालं. ‘शुगर लागली’ म्हणजे आजार जडला, ती सुरुवात. टाइप २ कित्येकदा वर्षानुवर्षं कळतच नाही. माणूस तीन वर्षं उंचावर काढतो, बदली होऊन पीस स्टेशनला (शांत भागातल्या छावणीत) येतो, तिथं वार्षिक तपासणीत शुगर निघते. बोर्डाच्या फॉर्ममधे (एएफएमएसएफ-१६) आजार पहिल्यांदा कधी व कुठं सुरू झाला, असा रकाना असतो. तिथं निदानाची तारीख आणि पीस स्टेशनचं नाव बसतं. पुढे ‘पीस’ पाहून ‘नाना’.

म्हणून अपिलात दोन वाक्यं वेगळी करा. एक, “निदान अमुक तारखेला, अमुक ठिकाणी झाले.” दुसरं, “लक्षणे त्यापूर्वी अमुक ठिकाणी सेवेत असताना सुरू झाली होती.” दुसऱ्याला आधार लागतो. फील्डमधल्या एमआय रूमच्या (तुकडीच्या दवाखान्याच्या) जुन्या चिठ्ठ्या, रात्री वारंवार लघवी, वजन उतरणं, जखम लवकर न भरणं अशा नोंदी शोधा. निदानाच्या दिवशीचा एचबीए१सी (रक्ताच्या तपासणीतला आकडा) पण बघा. तो आधीच्या साधारण तीन महिन्यांतल्या सरासरी शुगरचा अंदाज देतो. मधुमेहाची रेषा ६.५ टक्क्यांवर आहे. बदलीला महिनाच झाला असेल आणि आकडा १० च्या वर असेल, तर नव्या ठिकाणी शुगर ‘लागली’ म्हणणं अवघड जातं.

अर्जनवीस, मेहकर
हे बरं सांगितलंत. मी आजवर ‘निघाली’चं सरळ ‘सुरू झाली’ करत होतो.

शब्दवेडा, कारंजा
एका अपिलात ‘कॉन्स्टिट्यूशनल डिसऑर्डर’चं भाषांतर ‘घटनात्मक विकार’ वाचलं! बाबासाहेबांच्या घटनेचा इथं काय संबंध? तिथं ‘शरीरप्रकृतीतून आलेला’ हवं.

दुसरा शब्द ‘आजन्म’. अपंगत्व आयुष्यभराचं आहे असं सांगायला लोक ‘आजन्म अपंगत्व’ लिहितात. रूढ अर्थानं ते चूक नाही, पण ‘जन्मापासून’ असाही अर्थ निघतो, आणि बोर्डाचा मुद्दा तोच असतो की आजार याच्या प्रकृतीतच होता. ‘आजीवन’ लिहा. भरतीच्या तपासणीत आजाराची नोंद नव्हती, हे वाक्यही हवंच. सर्वोच्च न्यायालयाचा धरमवीर सिंग निकाल (२०१३) त्यावरच उभा आहे. भरतीवेळी नोंद नसेल तर माणूस धडधाकट होता असं धरायचं, नाही म्हणायचं तर बोर्डानं कारणं द्यायची.

वाशीमकर
‘जीवनशैलीचा आजार’ हेही एक वाक्य बोर्डाच्या कागदात तयारच असतं. खाणं लंगरचं (सैन्याच्या भटारखान्याचं), ड्यूटी हुकमाची. यात ‘शैली’ नेमकी कोणाची? मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं टाइप २ च्याच प्रकरणात म्हटलं, की जीवनशैलीचा आजार किंवा पीस स्टेशनला सुरुवात एवढ्यावर नाकारता येत नाही, कारणं द्यावी लागतात. पण सेवा कधी संपली ते आधी बघा. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आहेत, जुनी वाक्यं त्या प्रकरणात तशीच उचलू नका.

अर्जनवीस, मेहकर
आणि मथळा? बरेच जण ‘विनंती अर्ज’ म्हणून आणतात.

वाशीमकर
‘प्रथम अपील’ असंच लिहा, नाकारल्याच्या पत्राचा क्रमांक व तारीख देऊन. विनंतीला विनंतीसारखंच उत्तर येतं, अपिलाची मुदत मात्र निघून जाते. नाकारल्यापासून सहा महिन्यांत पहिलं अपील, ते फेटाळलं की सहा महिन्यांत दुसरं, त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण, आपल्यासाठी मुंबई खंडपीठ. तिथंही मुदत सहा महिन्यांचीच. बोर्डाची प्रत हाताशी नसेल तर रेकॉर्ड ऑफिसकडे (सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाकडे) माहिती अधिकारात आधी मागा. प्रत न पाहता लिहिलेलं अपील म्हणजे अंधारात काठी.

शब्दवेडा, कारंजा
पेन्शनसाठी अपंगत्वाचे टक्के वरच्या टप्प्यावर नेतात, त्या ‘राउंडिंग ऑफ’ला ‘पूर्णांकन’ म्हणू नका. २० टक्क्यांचे ५० होतात, ते काय पूर्णांकन झालं? ‘टप्प्यात बसवणे’ म्हणा. ५० च्या आतले ५० मधे, ५० ते ७५ हे ७५ मधे, ७६ ते १०० हे १०० मधे. १०० टक्क्यांना शेवटच्या वेतनाचे ३० टक्के धरतात. वेतन ४०,००० असेल तर २० टक्क्यांचे २,४०० रुपये, टप्प्यात बसवल्यावर ६,०००. आधी हा लाभ फक्त आजारपणामुळे मुदतीआधी काढलेल्यांना मिळे. सर्वोच्च न्यायालयाच्या राम अवतार निकालानं (डिसेंबर २०१४) मुदत पुरी करून आलेल्यांनाही दिला. मात्र टक्केवारी मुळात २० हवी, आणि ‘नाना’ आधी उठायला हवा.

लॅबवाला, आर्णी
‘दिव्यांग प्रमाणपत्र’ आणायला जिल्हा रुग्णालयात चकरा मारणारेही भेटतात. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत मधुमेह नाही. पेन्शनला टक्के बोर्डाचेच लागतात. तेव्हा अपिलात ‘अपंगत्व’ हाच शब्द ठेवा, ‘दिव्यांग’ लिहून वाट चुकवू नका.

शब्दवेडा, कारंजा
जाता जाता, ‘अनुवांशिक’ नव्हे, ‘आनुवंशिक’. आणि तो शब्द तर आपल्या बाजूनं लिहूच नका. वडिलांना सत्तरीत शुगर निघाली असेल तर वयासकट तेवढंच लिहा.

अर्जनवीस, मेहकर
‘निघाली’ की ‘लागली’?

शब्दवेडा, कारंजा
वडिलांना ‘निघाली’च.