लहान टार्पखाली हॅमॉकमध्ये पावसात कोरडे कसे राहावे?

प्रश्न : रानवाट, डिचोली

नमस्कार. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमच्या मावशीची बागायत आहे आणि चतुर्थीनंतर अधूनमधून रात्री तेथे हॅमॉक (दोन झाडांमध्ये टांगायची कापडी झोळी) बांधून झोपण्याचा माझा विचार आहे. हॅमॉक ३ मीटर लांबीचा आहे. त्यावर बांधण्यासाठी २.५ मीटर चौरस, सिलिकॉनचा थर असलेल्या नायलॉनचा हलका टार्प (छपरासारखे ताणून बांधायचे कापड) आहे. अंगणात बांधून पाहिला तेव्हा दोन गोष्टी ध्यानात आल्या. वारा सुटला की डोक्याकडून आणि पायांकडून तुषार आत येतात. शिवाय वरून एकही थेंब गळत नसताना हॅमॉकचा पाठीखालचा भाग हळूहळू ओला होत जातो. मोठा टार्प घ्यावा तर वजन जवळजवळ दुप्पट होते. आहे त्याच टार्पवर भागवता येईल का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर : घाटपायथा

भागवता येईल, मात्र टार्प कसा बांधता यावर सारे अवलंबून आहे. त्याची कड हॅमॉकला समांतर ठेवून बांधला असेल तर दोन्ही टोकांना काहीच आच्छादन उरत नाही, कारण ३ मीटरचा हॅमॉक, त्याचे टांगायचे पट्टे आडव्या रेषेशी साधारण ३० अंशांचा कोन करतील असा, टांगला की त्याच्या दोन टोकांमधले अंतर सुमारे २.५ मीटर होते, म्हणजे टार्पच्या लांबीइतकेच. तोच टार्प कर्णावर, पतंगासारखा बांधला तर टार्पच्या आडव्या दोरीवर सुमारे ३.५ मीटर कापड मिळते आणि प्रत्येक टोकाला अर्धा मीटर जास्तीचे छप्पर राहते. याची किंमत बाजूंना मोजावी लागते. मध्यभागी कापड दोन्हीकडे पावणेदोन मीटरपर्यंत खाली येते, परंतु हॅमॉकच्या टोकापाशी ते जेमतेम अर्धा मीटर उरते. म्हणून अशा टार्पखाली हॅमॉकमध्ये फार तिरके झोपू नये; खांदे आणि पावले मधल्या रेषेजवळ असू द्यावीत.

दुसरी गोष्ट उंचीची. पावसाचा मोठा थेंब सेकंदाला ८ ते ९ मीटर वेगाने खाली येतो आणि ताशी ३० किलोमीटरचा वाराही जवळपास त्याच वेगाचा असतो. अशा वाऱ्यात पाऊस ४५ अंशांनी तिरपा पडतो, म्हणजे टार्पची कड हॅमॉकच्या तळापेक्षा जितकी वर, जवळजवळ तितक्याच अंतरापर्यंत पाऊस आत शिरतो. त्यामुळे टार्प हॅमॉकची दोन टोके जोडणाऱ्या वरच्या दोरीपासून फार तर वीतभर उंच ठेवावा आणि वाऱ्याकडचा कोपरा हॅमॉकच्या तळाच्याही खाली, जमिनीलगत ओढून बांधावा. उठून बसताना डोके कापडाला लागते, ही गैरसोय सोसावी. शेतात वाकून काम करणाऱ्यांचे इरले पाहावे. ते लहान असते, पण पाठीला लागून असते, म्हणूनच पुरते.

हॅमॉक वाऱ्याला आडवा टांगावा, जेणेकरून टार्पची रुंद बाजू वाऱ्याला सामोरी जाईल आणि उघडी टोके त्याच्या मार्गात येणार नाहीत. नैर्ऋत्य मोसमी वारे वाहत असताना हॅमॉक ढोबळमानाने उत्तर-दक्षिण असावा. मात्र ऑक्टोबरातले गडगडाटी पाऊस पुष्कळदा घाटाकडून, म्हणजे पूर्वेकडून येतात, तेव्हा खाली ओढलेली बाजू बदलावी लागते.

उत्तर : पागोळी

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण त्यात पाठ ओली होण्याचे कारण आलेले नाही. ते पाणी बहुधा झाडाकडून येते. पावसात खोडावरून पाण्याचे ओघळ वाहतात. हॅमॉकचा पट्टा झाडापाशी उंच आणि हॅमॉकपाशी खाली असल्यामुळे हे ओघळ पट्ट्याला धरून सरळ हॅमॉकच्या कापडात येतात आणि मधल्या खोलगट भागात साचतात. टार्प कितीही मोठा घेतला तरी हे थांबत नाही.

उपाय साधा आहे. पट्ट्याला सुती दोऱ्याचा वीतभर तुकडा घट्ट बांधावा आणि त्याचे टोक खाली लोंबते ठेवावे. पाणी त्या टोकावरून ठिबकून जाते. हा दोरा टार्पच्या छायेत असला पाहिजे. अनेकजण तो बाहेर, झाडाजवळ बांधतात, आणि मग दोरा व टार्पची कड यांच्यामधला पट्टा नव्याने भिजून पाणी पुन्हा आत येते. टार्पची आडवी दोरी एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत कापडाखालून जात असेल तर तिच्यावरही दोन्ही टोकांना असेच दोरे बांधावेत.

आपला टार्प नायलॉनचा आहे, म्हणून आणखी एक सूचना. नायलॉन पाणी शोषून सैल होते. संध्याकाळी ताठ बांधलेला टार्प पाऊस सुरू झाल्यावर थोड्याच वेळात झोळ देतो आणि झोळात पाणी साचते. बाजूच्या ताणदोऱ्यांमध्ये रबरी दोरीचा छोटा फास घातला तर ताण आपोआप टिकतो. पॉलिएस्टरच्या टार्पला हा त्रास फारसा नसतो. शिवणीवर सिलिकॉनचा लेप आहे की नाही, हेही एकदा तपासावे.

उत्तर : जांभा

मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. गोव्यात वर्षाला सरासरी ३,००० मिमीच्या आसपास पाऊस पडतो आणि सत्तरीत किनाऱ्यापेक्षा बराच अधिक. जुलैतल्या झडीत २.५ मीटरच्या टार्पखाली कोरडी झोप मिळेल, असे मी तरी कोणाला सांगणार नाही. हवेतच इतका ओलावा असतो की टार्पच्या आतल्या बाजूला दव धरते आणि वर थेंब आपटले की तेच तुषार होऊन अंगावर पडते. लोक त्याला गळती समजतात. सप्टेंबरअखेरीस किंवा ऑक्टोबरात मात्र वरील सर्व उपाय पुरेसे ठरावेत.

झाडाची निवड टार्पपेक्षा महत्त्वाची आहे. माडाखाली झोपूच नये. नारळ किंवा झावळी पडली तर कोणताही टार्प उपयोगी नाही. पोफळ वाऱ्यात डोलते आणि बांधलेला ताण मोडते. जाड बुंध्याचे फणसाचे झाड उत्तम, वर वाळलेली फांदी नाही एवढे पाहून घ्यावे. वीज चमकत असेल तर घरात जावे, येथे चर्चेला जागा नाही. जमीन जांभ्याची असेल तर खुंट्या एक तर आत जात नाहीत, नाही तर चिखलातून उपटून येतात. ताणदोऱ्या मुळांना किंवा जड दगडांना बांधाव्यात. हॅमॉकखाली पालापाचोळा राहू द्यावा, त्यामुळे लाल चिखल उडत नाही. आपली जागा खाजगी आहे हे बरे. म्हादई किंवा मोलेच्या अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही.

रानवाट, डिचोली

सर्वांचे आभार. सुती दोरा आजच बांधून पाहतो. कर्णावर बांधल्यावर डोक्याकडची बाजू अरुंद राहते, तिचे काय करावे?

पागोळी

घरातली साधी छत्री उघडून टार्पच्या त्या टोकाखाली, आडव्या दोरीला मुठीने अडकवावी आणि दांडा हॅमॉकच्या पट्ट्याला बांधून टाकावा. छत्रीची कड टार्पच्या आत राहील असे पाहावे, नाही तर टार्पवरचे पाणी छत्रीवरून घरंगळत थेट उशीवर येईल.