चौरस फुटाच्या दरात न दिसणारा खर्च
बांधकामाच्या चौरस फुटाच्या दराला क्षेत्रफळाने गुणले की घराचे अंदाजपत्रक तयार होते, असे अनेकदा सुचवले जाते. मला ते धोक्याचे वाटते, कारण त्या दरात कुंपण, पाण्याची टाकी, सांडपाण्याची व्यवस्था आणि वीजजोडणी बहुधा धरलेली नसते. जमीन भुसभुशीत निघाली तर पाया खोल न्यावा लागतो, म्हणून माती परीक्षण आराखड्याआधीच करून घ्यावे. स्लॅबमधील वायरिंगचे पाइप काँक्रीट ओतण्यापूर्वीच टाकलेले असतात. पंख्याची जागा नंतर बदलायची ठरवली, तर छत खोदावे लागते आणि तो खर्च कोणत्याच कागदावर नसतो. किमान 10 टक्के रक्कम राखीव ठेवावी आणि (हे कळकळीने सांगतो) ती महागड्या फरशीच्या मोहात खर्चू नये. कंत्राटदाराचे हप्ते तारखांना नव्हे, तर जोते, स्लॅब, गिलावा अशा पूर्ण झालेल्या टप्प्यांना बांधलेले असावेत.