पाच अक्षरी इंग्रजी शब्द ज्यात ए, ई, आय, ओ, यू एकही नाही, फक्त वाय: अर्थासकट सांगा ना

शब्दवेडी_सातारा
नमस्कार मंडळी. मी आणि माझी भाची रोज वर्डल खेळतो, म्हणजे पाच अक्षरी इंग्रजी शब्द सहा चान्समध्ये ओळखायचा खेळ, अक्षर शब्दात नसेल तर राखाडी होतं आणि बरोबर जागी असेल तर हिरवं. भाची सातवीत आहे. आमची गाडी नेहमी एकाच ठिकाणी अडते. पहिल्या दोन शब्दांत ए ई आय ओ यू सगळे टाकून बघितले आणि सगळे राखाडी झाले की उरलेल्या चार चान्समध्ये काय टाकायचं ते सुचतच नाही. क्रिप्ट आणि जिप्सी एवढेच दोन आठवतात. नुसती यादी नकोय, यादी गुगलवर ढिगाने मिळते, पोरगी पाठ करते आणि चार दिवसांत विसरते. अर्थ कळला, कुठे वापरतात ते कळलं तर डोक्यात राहील असं मला वाटतं. आणि एक एम-वाय-आर-आर-एच असा शब्द आहे त्याचा अर्थ डिक्शनरीत 'सुगंधी डिंक' दिलाय, तो नक्की कसला डिंक?

मास्तर_निवृत्त
ताई, आधी वाय कुठे बसतो ते तिला दाखवा. या शब्दांत स्वराचं काम वायच करतो, आणि तो बहुतेक वेळा दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या जागी असतो. तिसऱ्या जागी म्हणजे क्रिप्ट (चर्चखालचं तळघर, जिथे पुरतात), ग्लिफ, ट्रिस्ट. दुसऱ्या जागी म्हणजे निंफ, लिंफ, जिप्सी, पिग्मी आणि तुमचा तो डिंकवाला. ड्रायली, शायली, स्लायली, रायली हे चार एकाच घरातले, दोन-दोन वायवाले, कोरडेपणाने, लाजत, लबाडीने आणि तिरकस हसून, फक्त रायलीच्या सुरुवातीला डब्ल्यू आहे जो उच्चारत नाहीत, तिथे मुलं हमखास चुकतात.

ट्रिस्ट म्हणजे ठरवून, बहुतेक गुपचूप, भेटणं. १४ ऑगस्ट १९४७ च्या रात्री नेहरूंनी संविधान सभेत जे भाषण केलं ते 'ट्रिस्ट विथ डेस्टिनी' म्हणूनच ओळखलं जातं, सातवीतल्या मुलीला ते भाषण ऐकवा, शब्द जन्मात विसरणार नाही.

पिग्मीसाठी तर लांब जायलाच नको. पतपेढीचा पिग्मी एजंट रोज संध्याकाळी दुकानात येऊन दहा-वीस रुपये घेऊन जातो ना, तोच शब्द. १९२८ साली उडुपीच्या बँकेने, जी पुढे सिंडिकेट बँक झाली, रोज दोन आणे भरायची योजना काढली, एवढीशी बचत म्हणून नाव पिग्मी. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ कोपरापासून मुठीपर्यंतचं अंतर, म्हणजे आपण 'हातभर' म्हणतो त्याच्या जवळचं माप. एक लक्षात ठेवा, बँकेच्या स्पेलिंगमध्ये पी नंतर आय होता, तेही चालतं इंग्रजीत, पण तुम्हाला हवाय तो पी-वाय-जी-एम-वाय.

बोळवाला
काष्ठौषधीचं दुकान आहे आमचं म्हणून डिंकाचं मी सांगतो. उच्चार साधा 'मर' असा करतात. आपल्याकडे त्याला हिराबोळ म्हणतात. सोमालिया, इथिओपिया, अरबस्तान या भागातलं काटेरी झुडूप, सालीला चीर दिली की चीक येतो आणि वाळून तांबूस-तपकिरी खडे होतात, हातात घेतले तर वरून पिठूळ आणि फोडले की आतून तेलकट चमक. चव कडूजहर, मुळात नावच कडू या अर्थाच्या शब्दावरून आलंय. गुग्गुळ त्याच जातकुळीतला. दुकानात मागताना हिराबोळच म्हणा, नुसतं बोळ म्हटलं तर कोणी काळा बोळ देईल आणि तो वेगळा, तो कोरफडीचा वाळवलेला रस असतो.

बायबलमध्ये बाळ येशूला पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांनी सोनं, ऊद आणि हा बोळ भेट दिला अशी कथा आहे, परंपरेत त्यांनाच तीन राजे म्हणतात. गोव्यात पणजीच्या समोर नदीपलीकडे रेईश मागुश आहे, त्या नावाचा अर्थच ते तीन राजे, ६ जानेवारीला तिथे फेस्त असतं.

तुडतुडे_नको
निंफ राहिला की. डिक्शनरीत पहिला अर्थ ग्रीक कथांमधली वनदेवता, जलदेवता असा मिळेल, पण आम्ही कृषीवाले दुसऱ्या अर्थाने रोज वापरतो. ज्या किडीला कोषावस्था नसते तिचं अंड्यातून निघालेलं पिल्लू म्हणजे निंफ. फुलपाखराची अळी होते, मग कोष, मग फुलपाखरू, तसं तुडतुड्यांचं नाही, पिल्लू दिसायला आईबापासारखंच असतं, फक्त पंख नसतात, कात टाकत टाकत मोठं होतं. 'पिल्ले व प्रौढ पानातील रस शोषतात' हे वाक्य प्रत्येक शेतीच्या पुस्तकात आहे, त्यातली पिल्ले म्हणजे हीच. कपाशीचं पान उलटं करून दाखवा भाचीला, फिकट हिरवी पिल्लं खेकड्यासारखी तिरकी पळतात.

डीटीपी_सदाशिव
ग्लिफ माझा. ग्लिफ म्हणजे अक्षराचं डोळ्याला दिसणारं चित्र, मूळ अर्थ कोरलेलं. आपला क्ष घ्या, कॉम्प्युटरच्या आत तो क, हलन्त आणि ष असे तीन तुकडे साठवलेले असतात, पडद्यावर मात्र एकच ग्लिफ दिसतो, म्हणूनच फॉन्ट बिघडला की क्ष फुटून पाय मोडका क आणि ष वेगळे दिसतात. इजिप्तच्या चित्रलिपीला हायरोग्लिफ म्हणतात त्यातही हाच शब्द शेपटीला आहे.

शब्दवेडी_सातारा
अरे वा, किती छान सांगितलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. भाचीने पिग्मी आणि हिराबोळ वहीत लिहून घेतले, तिच्या आजीच्या डब्यात बोळ निघालाच! फक्त लिंफ राहिला, आणि निंफ-लिंफमध्ये फरक फक्त पहिल्या अक्षराचा, मग वर्डलमध्ये आधी कुठला टाकायचा?

मास्तर_निवृत्त
लिंफ म्हणजे शरीरात रक्तवाहिन्यांपेक्षा वेगळ्या नळ्यांतून वाहणारं पातळ पाणीदार द्रव्य, पुस्तकात लसीका म्हणतात. पायाला जखम चिघळली की जांघेत अवधाण येतं ना, ती सुजलेली लिंफची गाठच असते. आधी कुठला टाकायचा याला एकच उत्तर नाही, एल आधीच राखाडी झाला असेल तर प्रश्नच मिटला. दोन्ही अक्षरं शिल्लक असतील आणि शेवटचं एम-पी-एच हिरवं नसेल तर मी आधी ट्रिस्ट टाकीन, टी, आर, एस तिन्ही तपासून होतात आणि वाय तिसऱ्या जागी आहे की नाही तेही कळतं. आणि तिला स्क्रॅबल, म्हणजे पिशवीतून अक्षरांच्या सोंगट्या काढून पटावर शब्द लावायचा खेळ, तोही शिकवा, तिथे निंफचे १५ गुण होतात, पिग्मीचे १६, फक्त पिग्मीला पिशवीतले दोन्ही वाय लागतात.