मदत हवी आहे: पाळणाघरातल्या जेवणाचं बजेट कोलमडलंय

खाडीकाठ (रत्नागिरी)
घरीच पाळणाघर चालवते. जूनपासून जेवणही आमच्याकडेच, असं पालकांना सांगून बसले आणि आता निस्तरतेय. मुलामागे दिवसाला 30 रुपये हातात येतात. त्यात 11 चा खाऊ, जेवण, 4 चा खाऊ. घाटावरची भाजी पावसात इथे पोचेपर्यंत मलूल होते, वर दुप्पट भाव. सध्या वरणभात-बटाटा, वरणभात-बटाटा चाललंय. काल एका आईने पातेल्यात डोकावून तोंड वाकडं केलं. पौष्टिक आणि स्वस्त मेनू सांगा. लवकर, सोमवारपासून बदलायचाय.

घारगेप्रेमी
मुलं किती? वयं काय? शाकाहारी की मासे चालतात?

आंबोळी
अगो, पोरांका पेज दी. उकड्या तांदळाची, वर जरा खोबरा. आमी पेजेवरच वाढलंव, काय जाला आमका?

घारगेप्रेमी
पेज चांगलीच, पण नुसत्या पेजेने दोन तासांत परत भूक लागते. सोबत डाळ-कडधान्य हवंच.

खाडीकाठ
9 मुलं. बहुतेक दोन ते पाच वर्षांची. तीन घरं शाकाहारी.

निवृत्त अंगणवाडी ताई
आता सांगता येईल. आमच्याकडे 3 ते 6 वर्षांच्या मुलाला दिवसाला 500 कॅलरी आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिनं द्यायचा नियम होता. तुमच्याकडे मूल दिवसभर असतं, म्हणजे त्याहून जास्तच. घाटावरची भाजी विसरा. कुळीथ घ्या, 100 ग्रॅमला 20 ग्रॅमच्या वर प्रथिनं. लसूण-आमसूल घालून पिठी आणि मऊ भात, आठवड्यातून दोनदा. मिरची मुलांना वाढून झाल्यावर आपल्या वाटीत. एक दिवस मुगाची खिचडी, एक दिवस चवळीची उसळ. शेवग्याचा पाला शेजारी कोणाकडे तरी असतोच, तो मूठभर डाळीत शिजवायचा, मुलांना कळतही नाही. 11 ला नाचणीची आंबील किंवा घावन, 4 ला केळं किंवा पिकल्या भोपळ्याचे घारगे. तळणाचं तेल परवडत नसेल तर तेच पीठ तव्यावर थापा. दाण्याचं कूट सढळ हाताने घाला.

घारगेप्रेमी
तव्यावरचे घारगे म्हणजे घारगे नव्हेत, एवढंच नोंदवतो.

बंदरावरचा
माशांशिवाय कोकणातलं पोर? मोरी (लहान शार्क मासा) द्या, काटा नसतो.

निवृत्त अंगणवाडी ताई
मोरी लहान मुलांना नको. मोठ्या शिकारी माशात पारा जास्त असतो. आणि 31 जुलैपर्यंत यांत्रिक बोटी बंद, ताजी मासळी 30 रुपयांत कशी बसवणार? सुका जवळा रेती जाईपर्यंत तीन पाण्यांनी धुऊन भाजा. मूठभर पुरतो. शाकाहारी घरांसाठी पातेलं वेगळं.

बंदरावरचा
आमचे आजोबा मोरी खाऊन 90 वर्षं जगले.

आंबोळी
आजोबा पाळणाघरात होते की काय?

कायदेशीर
एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी केलीत का? लहान खाद्यव्यवसायालाही लागते. आधी ती करा, मेनू नंतर.

खाडीकाठ
दादा, मी मेनू विचारला होता. ताई, तुमचं पटलं, पण दाण्याचं कूट चालणार नाही. एकाला शेंगदाण्याने अंगावर गांध्या उठतात, ओठ सुजतात.

निवृत्त अंगणवाडी ताई
हे पहिल्या ओळीत सांगायचं ना! मग स्वयंपाकघरात शेंगदाणा आणूच नका, शेंगदाणा तेलही नाही. त्या पालकांकडून डॉक्टरांचा सल्ला लिहून घ्या. कुटाच्या जागी ओलं खोबरं.

नारळवाला
खोबरं? नारळाचा भाव बघितलाय? माझी सात झाडं आहेत, पण माकडं शहाळीच ठेवत नाहीत. फटाके लावून झाले, जाळी लावून झाली. कोणाकडे उपाय आहे का?

बंदरावरचा
कुत्रा पाळा.

नारळवाला
पाळलाय. माकडं त्यालाच थोबाडतात.

खाडीकाठ
माकडांचा धागा वेगळा काढा ना. अजून एक. आठ महिन्यांचं बाळही आहे. त्याची आई म्हणते, सगळ्यांचं तेच भरवा.

निवृत्त अंगणवाडी ताई
तेच, पण मीठ-साखर घालायच्या आधी बाजूला काढून, मऊ कुस्करून. मध वर्षाच्या आत अजिबात नाही, चाटवायलाही नाही. नाचणी रात्रभर भिजवून, मोड आणून, वाळवून, भाजून दळा आणि वस्त्रगाळ करा. ते सत्त्व त्याला चालेल. आणखी काही सांगायचं राहिलंय का?

खाडीकाठ
नाही. म्हणजे, पावसात नाचणी वाळवायची कुठे? ओटीवर सगळे कपडेच आहेत.

आंबोळी
पंख्याखाली, चादरीर. आणि रोज वास घेऊन बघ गो, बुरशी धरता.

नारळवाला
माकडांचा धागा काढलाय. या सगळे.