मदत हवी आहे: शुक्रवारची वाचनयादी कोणी उघडत नाही, उद्या पुढची जायची आहे

काठावरचा (गुरुवार, संध्या. ६.४०)
कट्ट्यासाठी दर शुक्रवारी वाचनयादी पाठवतो. लीडरशिप, सायन्स, मीडिया, सोसायटी असे चार विभाग. लेख चांगले असतात, वेळ घालून काढतो, तरी लोक वाचत नाहीत. सोसायटीवर तर बारा आठवड्यांत शून्य क्लिक. चांगलं वाचन कुठून काढायचं आणि कसं निवडायचं ते सांगा. यादी उद्या दुपारी जायची आहे, त्यामुळे 'वाचनसंस्कृती लोप पावते आहे' वगैरे कृपया नको.

तळटीप (६.५२)
कट्टा कोणाचा? माणसं किती, वयं काय? लेख मराठी की इंग्रजी? एका यादीत किती? जाते कशावरून, मेल की व्हॉट्सॲप? यातलं काहीच लिहिलेलं नाही आणि उत्तर मात्र उद्या दुपारपर्यंत हवंय.

फीडखोर (७.०५)
फीड रीडर लावा, म्हणजे साइटवरचे नवे लेख एका जागी आणून देणारं ॲप. गूगल रीडर २०१३ मध्ये बंद झाला तेव्हापासून लोक समजतात की फीडच संपले. तसं नाही. इनोरीडर, फीडली दोन्ही चालू आहेत. वर्डप्रेसवरच्या साइटच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन 'फीड' लिहिलं की बहुतेक वेळा फीड मिळतो. तुमच्या चार विभागांचे चार फोल्डर करा. महिन्यातून एकदा ओपीएमएल फाइल (तुमच्या सगळ्या फीडची यादी) उतरवून ठेवा, कारण अशा सेवा कधी गुंडाळतील नेम नसतो. लेख साठवून ठेवायचं पॉकेट जुलै २०२५ मध्ये बंद झालंच.

चेअरमन_बी_विंग (७.१८)
सोसायटीच्या बाबतीत शून्य प्रतिसाद हा सार्वत्रिक प्रश्न आहे. सभासदांना लेख नकोत, आदर्श उपविधी (संस्थेच्या कारभाराचे नियम) वाचायला द्या. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते हेही निम्म्यांना माहीत नसतं. सहकारी संस्था अधिनियम १९६० मराठीत मिळतो. इतिवृत्त नोटीसबोर्डावर लावत चला.

काठावरचा (७.३१)
सोसायटी म्हणजे समाज हो, बी विंग नव्हे.
तळटीप, माहिती: ८५ जण, वय २२ ते ७८, कट्टा एरंडवण्यात महिन्यातून एकदा भरतो. यादी मेलने. २५ ते २८ लिंका. निम्मे लेख इंग्रजी. वर्डमध्ये यादी तयार करून जीमेलमध्ये चिकटवतो, रंगीत चौकटी वगैरे नीट येतात. क्लिक मोजता यावेत म्हणून लिंका आखूड करतो. फीड रीडर आहे माझ्याकडे, त्यात नऊशे न वाचलेले लेख पडलेत.

अनुस्वार (७.३८)
अवांतर: विभागांची नावं मराठीत दिलीत तर निदान चेअरमनांचा गैरसमज होणार नाही. नेतृत्व, विज्ञान, माध्यमं, समाज. एवढं अवघड आहे का?

तळटीप (७.४४)
सोसायटी हा विभाग यादीत शेवटी आहे का?

काठावरचा (७.४६)
हो. त्याचा काय संबंध?

तळटीप (८.०३)
तोच संबंध आहे. जीमेल साधारण १०२ केबीच्या पुढचा मजकूर दाखवत नाही. खाली 'संदेश कापला आहे, पूर्ण पाहा' अशी बारीक ओळ येते आणि ती कोणी दाबत नाही. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, काना-मात्रा वेगळे मोजून. म्हणजे 'की' सहा बाइटचा. पण नुसत्या मजकुराने १०२ केबी होत नाहीत, त्याला चौतीसेक हजार चिन्हं लागतील. खरा भार वर्डचा. तिथून चिकटवलं की प्रत्येक ओळीला फॉन्ट, रंग, समास यांची लांबलचक सजावट चिकटून येते, चौकटी असतील तर विचारूच नका.

तपासा: संगणकावर गेल्या शुक्रवारचा मेल उघडा, उजवीकडचे तीन ठिपके, 'मूळ दाखवा', मग फाइल डाउनलोड करा आणि आकार बघा. त्यात एन्कोडिंगचा फुगवटा धरलेला असतो, तरी अंदाज येतो. उपाय: कंट्रोल-शिफ्ट-व्ही ने साधा मजकूर चिकटवा आणि लिंका जीमेलमध्येच लावा. चौकटींचा मोह सोडा.

आणि आखूड लिंका काढा. कुठे जाणार ते दिसत नाही म्हणून ज्येष्ठ मंडळी त्या दाबत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे.

पेठेतला_अनुभवी (८.१०)
हे सगळं करण्यापेक्षा एक ए-फोर कागद. पाच टिपणं, अक्षर १४ पॉइंट, कट्ट्यावर झेरॉक्स वाटा. कागद कापला जात नाही.

फीडखोर (८.१४)
कागदावरची लिंक दाबून दाखवा.

पेठेतला_अनुभवी (८.१५)
क्यूआर कोड छापतात. तुम्हाला नसेल माहीत.

खमंग_काकडी (८.३०)
मेलचा आकार सुधाराच, पण २८ लिंका ही यादी नाही, रद्दी आहे. नऊशेतून २८ काढणं म्हणजे चाळणं झालं, निवडणं राहिलंच. तांदूळ निवडतो तसे खडे बाहेर काढावे लागतात. आठवड्याला पाच लेख, त्यातला एकच लांबलचक. विज्ञान आणि माध्यमं या विभागांसाठी खडे असे ओळखा:

विज्ञानाची बातमी असेल तर मूळ शोधनिबंधाचा डीओआय (निबंधाचा कायमचा ओळख क्रमांक) बातमीत किंवा संस्थेच्या पत्रकात सापडला पाहिजे. नाही सापडला तर लेख बाहेर. सापडला तर सारांश वाचा: प्रयोग माणसांवर की उंदरांवर, आणि निबंधाचं परीक्षण झालंय की तो अजून प्रीप्रिंट आहे. तोच डीओआय रिट्रॅक्शन वॉचच्या यादीत टाकून बघा, निबंध मागे घेतला असेल तर तिथे कळतं, फुकट आहे. मग टक्केवारी. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने सांगितलं की रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाल्लं तर आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो. ही सापेक्ष वाढ आहे. शंभरात पाच जणांना होणार असेल तर ते सहाच्या जवळ जातील, तेवीस होणार नाहीत. लेखात मूळ धोका किती तेच दिलं नसेल तर तो लेख पाठवू नका.

माध्यमांत फसगत वेगळी. एकच बातमी पाच वर्तमानपत्रांत दिसली म्हणजे पाच आधार झाले असं नाही. मथळ्याखाली 'वृत्तसंस्था' लिहिलं असेल तर तो एकच आधार पाच वेळा छापलाय. तारीखही पाहा, जुने लेख नव्या चित्रासकट फिरतात.

काठावरचा (८.४१)
हे उपयोगी आहे. नेतृत्वाचं काय? तिथे सगळे 'यशस्वी लोकांच्या सात सवयी' छापाचेच लेख मिळतात.

फीडखोर (८.४६)
व्यवस्थापनाची चार नामांकित मासिकं लावा फीडमध्ये, भरपूर मिळेल.

खमंग_काकडी (९.०२)
भरपूरच तर नकोय ना. त्या लेखांतला दोष मुळात आहे: जिंकलेल्यांच्या सवयी गोळा करतात, त्याच सवयी असलेले हरलेले कोणी मोजत नाही. नेतृत्वावर वाचायचं तर चौकशी अहवाल वाचा. नासाचं कोलंबिया अंतराळयान १ फेब्रुवारी २००३ ला कोसळलं, कल्पना चावला त्यात होत्या. चौकशी मंडळाचा अहवाल त्याच ऑगस्टमध्ये आला, फुकट उपलब्ध आहे. पूर्ण पाठवू नका, प्रकरण ६ आणि ७ पाठवा. फोमचा तुकडा पंखाला लागल्याचं कळल्यावर अभियंत्यांनी उपग्रहातून छायाचित्रं मागितली होती, ती मागणी वरच्या पातळीवर कशी विरली ते त्यात आहे. इशारा सादरीकरणाच्या स्लाइडवर कसा झाकला गेला यावरही एक चौकट आहे. बैठकीत 'नाही' म्हणायचं धाडस का होत नाही हे त्यातून कळतं.

तळटीप (९.११)
+१. आणि समाज विभागासाठी सुटे लेख न देता जोडी द्या. उदाहरणार्थ पश्चिम घाटाचे दोन अहवाल: माधव गाडगीळ समितीचा २०११ चा आणि कस्तुरीरंगन गटाचा २०१३ चा. पहिल्याने सगळा घाट पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील धरून तीन श्रेणी केल्या आणि निर्णय ग्रामसभांपर्यंत न्यायला सांगितलं, दुसऱ्याने सुमारे ३७ टक्के भूभाग संवेदनशील ठरवला. दोन्हींचे सारांश शेजारी ठेवले की कट्ट्यावर भांडायला विषय मिळतो. मुळशी-मावळ आपल्या दारात आहे, लोक वाचतील.

आकड्यांसाठी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी, २०१९-२१, तिचं जिल्हानिहाय पत्रक. पुणे जिल्ह्याचं चार-सहा पानांत संपतं.

अनुस्वार (९.१५)
अनुमोदन. निम्मी यादी इंग्रजी का पण? साधना १९४८ पासून निघतंय, आता तर पुण्यातूनच. पालकनीती, समाज प्रबोधन पत्रिका, आजचा सुधारक. पारी या संकेतस्थळावरचे ग्रामीण भारताचे वृत्तांत मराठीत वाचायला मिळतात. संकल्पना अडली तर विश्वकोशाची नोंद जोडा. क्युरेशनला मराठीत 'वेचे' हा चांगला शब्द होता, शाळेच्या पुस्तकांत असायचा, तो वापरावा ही विनंती.

फीडखोर (९.१९)
वेचे म्हणजे उतारे. क्युरेशन म्हणजे संकलन.

अनुस्वार (९.२०)
संकलन म्हणजे गोळा करणं. गोळा केलेलं वाचत नाहीत म्हणून तर धागा निघालाय.

काठावरचा (९.२८)
शब्दाचं नंतर बघू. जुन्या मराठी अंकांच्या पीडीएफमधून उतारा कॉपी केला की 'çÆüÖ' असली चिन्हं येतात. त्यामुळेच मराठी कमी जातं.

तळटीप (९.४०)
अंक युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये जुळवलेला आहे, श्रीलिपी किंवा तसलाच कुठला तरी. अक्षरं दिसतात मराठी, आत कोड वेगळेच असतात. फॉन्ट ओळखू आला तर कन्व्हर्टर चालतो. नाहीतर हवं तेवढं पान चित्र म्हणून साठवा, गूगल ड्राइव्हवर चढवा, उजवी टिचकी, 'गूगल डॉक्समध्ये उघडा'. मजकूर खाली येतो. पान सरळ असू द्या, फाइल दोन एमबीच्या आत ठेवा. नंतर 'ऱ्या' आणि 'र्या', अनुस्वार आणि आकडे डोळ्यांनी तपासा, घोटाळा तिथे होतो.

अख्खा लेख मात्र मेलमध्ये चिकटवू नका आणि पैसे भरून वाचायच्या अंकाची पीडीएफ वाटू नका, प्रताधिकाराचा भंग होतो. दोन-तीन ओळींचा उतारा, नाव, अंक, लिंक. लिंक देण्याआधी वेबॅक मशीनवर पान साठवून ठेवा, वर्षभराने मूळ पान सापडेलच असं नाही.

खमंग_काकडी (९.५२)
प्रत्येक लेखाखाली टिपण तीनच ओळींचं: लेखकाचा दावा काय, आधार काय, आणि कुठे पटत नाही. 'अवश्य वाचावा' लिहू नका, त्यातून काही कळत नाही. कंसात भाषा, पैसे लागतात की नाही, आणि वेळ: दीड हजार शब्दांना दहा मिनिटं धरा.

तीन ओळी लिहिता आल्या नाहीत तर तुम्हीच तो लेख पूर्ण वाचलेला नाही.

काठावरचा (१०.२०)
मेलची फाइल बघितली. १६३ केबी. पुन्हा उघडून पाहिलं तर माध्यमांच्या तिसऱ्या लेखापाशीच कापलाय. समाज विभाग बारा आठवडे कोणाला दिसलाच नाही बहुतेक. उद्या पाच लेख जातील, साध्या मजकुरात, समाज सगळ्यात वर, पश्चिम घाटाची जोडी. टिपणं आत्ता लिहायला बसतो. तीनच झाली तर तीन पाठवीन.

पेठेतला_अनुभवी (१०.२४)
आणि कागद?

काठावरचा (१०.२५)
कट्ट्याच्या दिवशी २० प्रती काढतो. क्यूआरसकट.

चेअरमन_बी_विंग (१०.३१)
चर्चा चांगली झाली. आमच्या इमारतीचं मानीव अभिहस्तांतरण (बिल्डरने न केल्यामुळे जमीन त्याच्याविना संस्थेच्या नावावर करून घेणं) अडकलंय, त्यावर वाचनीय काही असेल तर?

अनुस्वार (१०.३३)
वेगळा धागा काढा. शब्द मात्र अगदी अचूक वापरलात, धन्यवाद.